गेमच्या पैशातून रान राखायचं असेल तर

गोव्यातल्या फोंड्याची एक विद्यार्थिनी, बारावी विज्ञान, लिहिते: 'मला अमेरिकेतल्या एपिक गेम्सच्या टिम स्वीनींसारखी गेम कंपनी काढायची आहे. पैसे आले की त्यांच्यासारखंच रान विकत घेऊन राखायचं आहे, पण इथल्या सत्तरी तालुक्यातलं. बाबा म्हणतात, गेम म्हणजे जुगार. काय करू?'

आधी बाबांचं. मांडवीतले कॅसिनो रोज दिसत असताना त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. त्यांना सांग की २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आहे. तुला करायचा आहे तो गेम लोक एकदा विकत घेऊन खेळतात. त्यात डाव लावायचा नसतो.

स्वीनी शिकत होते मेकॅनिकल इंजिनिअरिंग. पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्वतःपुरता टेक्स्ट एडिटर लिहिताना त्याचाच गेम झाला, १९९१ चा 'झेडझेडटी'. त्यात चित्रं नव्हती. खेळाडू म्हणजे निळ्या चौकोनातला एक हसरा चेहरा, तोही अक्षरांच्या संचातलं एक चिन्ह. पहिला भाग फुकट, पुढचे टपालाने विकत. शिवाय नवे खेळ रचायचं साधन त्यांनी खेळणाऱ्यांच्याच हाती दिलं. १९९८ चं अनरिअल इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, हे त्याच विचाराचं मोठं रूप. आजही ते इंजिन शिकायला फुकट आहे. त्यावर केलेल्या गेमची एकूण विक्री दहा लाख डॉलरच्या वर गेली, तरच वरच्या रकमेवर ५ टक्के द्यावे लागतात.

तू मात्र सुरुवात गोडो या फुकटच्या गेम इंजिनावर कर, ते साध्या लॅपटॉपवरही चालतं. एकच पडदा, एकच नियम, सहा आठवडे. नवख्यांचे गेम बहुधा अर्धेच राहतात, कारण पहिल्याच गेमला दहा पातळ्या आणि ऑनलाइन खेळ हवा असतो. पूर्ण झालेला गेम दुकानात ठेव. संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमला १०० डॉलर भरावे लागतात. गूगल प्लेचं खातं २५ डॉलरचं, पण नव्या वैयक्तिक खात्याला किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हे बारा जण आधीच ठरवून ठेव, ऐनवेळी मिळत नाहीत.

पदवी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची घे, फर्मागुढीचं कॉलेज तुझ्या दारातच आहे. व्हेक्टर आणि मॅट्रिक्स पक्के कर. स्वीनींच्याच एपिक कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे ८३० जणांना कामावरून कमी केलं. अशा वेळी ही पदवी दुसऱ्या धंद्यातही चालते. महागड्या गेम डिझाइन डिप्लोमावाल्यांना एकच विचार: तुमच्या मुलांचे कोणते गेम आज विकत मिळतात?

आता रान. २००८ च्या मंदीत जमिनीचे भाव पडले, तेव्हापासून स्वीनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रान घेऊ लागले. पहिल्या गेमनंतर सतरा वर्षांनी. त्यांच्या बॉक्स क्रीकच्या रानातून वीजवाहिनी न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा नुसती मालकी पुरली नाही. २०१६ मध्ये त्यांनी तिथल्या सुमारे ७,००० एकरांवर बांधकाम आणि तोड कायमची बंद करणारा हक्क तिथल्या केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याला दिला. २०२१ मध्ये रोन डोंगराळ भागातले ७,५०० एकर तर एका संवर्धन संस्थेला दानच केले.

सत्तरीत हे जसंच्या तसं जमणार नाही. मोकाशातल्या, म्हणजे जुन्या काळी इनाम दिलेल्या, जमिनींच्या मालकीचा घोळ जुना आहे. २०२३ च्या गोव्याच्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंधन आहे. आणि विकत घेतलेलं रान पाण्यावाचून जगत नाही. सत्तरीतली निरंकाराची राय ही देवराई पाहा, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली ती मुळं. ती राय झऱ्यावर उभी आहे. वरच्या अंगाला झरा वळवला तर खालची झाडं वाचवता यायची नाहीत. म्हणून जमिनीच्या मालकीचे कागद बघायचे तेव्हा त्यांच्या बरोबरीनेच पाणीही बघायचं.

मोठी झालीस तर कंपनीचाही मार्ग आहे. वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर गेला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरला, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामांना, द्यावेच लागतात आणि त्यात पर्यावरण बसतं. हा पैसा कंपनी स्वतःही खर्च करू शकते किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फतही, म्हणून अशी संस्था आत्तापासून ओळखून ठेव. या मे महिन्यात गेमचे सहा आठवडे सुरू कर. रविवारी सत्तरीत जा आणि झरे कुठून येतात ते वहीत काढ. पहिला गेम पूर्ण झाला की बाबांच्या हातात दे.