माशांना खायला घालण्यासाठी घरी गांडुळं पाळता येतात का? घरात वास येतो का? त्यापेक्षा टुबिफेक्स सोपे नाहीत का?

पाळता येतात. वास येत नाही. आणि टुबिफेक्स सोपे असतील, पण बरे नाहीत. हे शेवटचं वाक्य मी गेली सहा वर्षं आमच्या भावोजींना ऐकवतोय, तेव्हा उत्तर जरा लांबणार.

माझ्याकडे डोंबिवलीत चार फुटी टाकी आहे, त्यात ऑस्कर माशांची जोडी. भावोजींकडे फ्लॉवरहॉर्न मासा. ते दर रविवारी दुकानातून पिशवीभर जिवंत टुबिफेक्स आणतात. टुबिफेक्स म्हणजे घाण पाण्याच्या तळाशी, गाळात डोकं खुपसून शेपूट हलवत बसणारे लाल दोरे. दुकानदार त्यांना वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतो, म्हणून बाहेरून धुतले जातात. पोटातलं काय? त्यांच्या माशाचं पोट दोनदा फुगलं, दोन्ही वेळा खापर महापालिकेच्या पाण्यावर.

म्हणून मी गांडुळांकडे वळलो आणि तोंडावर पडलो. एका नर्सरीतून गांडूळखताचं कल्चर, म्हणजे जिवंत गांडुळांसकट खत, आणलं, एक किलो. भावोजी नेमके त्या दिवशी घरी. पहिलं गांडूळ टाकलं, मोठ्या ऑस्करने झडप घातली आणि थुंकून टाकलं. पुन्हा उचललं, पुन्हा थुंकलं. मग फिल्टरच्या मागे जाऊन उभा राहिला. सोफ्यावरून आवाज आला, "बघ, मासासुद्धा नको म्हणतोय!" हे वाक्य पुढे वर्षभर प्रत्येक बारशाला आणि सत्यनारायणाला मला ऐकावं लागलं.

दोष गांडुळांचा नव्हता, जातीचा होता. त्या कल्चरमध्ये आयसेनिया फेटिडा होती, अंगावर पिवळसर पट्टे असलेली. चिमटीत धरली की अंगातून पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडते. खताला एक नंबर, पण बऱ्याच माशांना तोंडात नकोशी होते. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

पुढच्या मे महिन्यात संगमेश्वरजवळ आत्याकडे गेलो होतो. गोठ्यामागच्या उकिरड्याच्या कडेचं जुनं शेण उकरलं तर खाली जांभळट, उजेडात निळी झाक मारणारी गांडुळं. हात लावला की वळवळत नाहीत, चक्क उसळतात. ही पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस, आपल्याकडचीच. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरायला लागलो तर आत्या म्हणाली, "काडू (म्हणजे गांडुळं) कशाला रे नेतोस? मुंबईत गरी टाकणार कुठे?"

ऑस्करांनी ती शेवयांसारखी ओढली.

आता टब. जुना प्लास्टिकचा टब, तळाला भोकं, आत काथ्याचा भुसा, फाडलेलं वर्तमानपत्र आणि जुनं शेण. ताजं शेण अजिबात नको, ते तापतं आणि गांडुळं मरतात. मिश्रण मुठीत दाबलं की एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागली तर पाणी जास्त झालं. भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा चालतो. लिंबू, कांदा, मीठ-तेलाचं उरलेलं नको. वास येतो तो गांडुळांचा नसतो, तुम्ही जास्त घातलेल्या खरकट्याचा असतो. टब चार विटांवर आणि विटा पाण्याच्या ताटल्यांत, नाहीतर मुंग्या येतात. दुपारचं ऊन येणारी गॅलरी असेल तर विषय सोडा.

झाकणाबद्दल मात्र मी स्वतः चुकलो. ही जात पाऊस आला की टब सोडून निघते. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री भावोजी हॉलमध्ये गादीवर झोपले होते. तीनच्या सुमारास पाणी प्यायला उठले, अनवाणी. मी दिवा लावला तेव्हा गॅलरीच्या उंबऱ्यापासून फ्रिजपर्यंत फरशीवर दीडेकशे तरी गांडुळं होती, आणि भावोजी त्यांच्या मधोमध एका पायावर. तेव्हापासून ताईसुद्धा त्यांच्या बाजूने झाली. आता मी टबावर जुन्या साडीचं कापड इलॅस्टिकने घट्ट बसवतो आणि पावसाचे पहिले काही दिवस वर बारीक बल्ब ठेवतो, उजेड असला की ती वर येत नाहीत. पण एका रात्रीच्या पसाऱ्यामुळे टुबिफेक्स चांगले ठरत नाहीत, एवढं तरी मान्य करायला काय हरकत आहे?

खायला घालण्याआधी रात्रभर ओल्या कागदात ठेवा, पोटातली माती निघते. मग धुऊन द्या. वाळलेल्या वजनात 60 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा पुरे, बाकी दिवस माशांच्या खाद्याच्या गोळ्याच. हो, गोळ्या मीही घालतो, भावोजींना सांगू नका. सुरुवातीचे अडीच-तीन महिने टबातून एकही काढू नका, कोष फुटून पिल्लं वाढायला तेवढा वेळ लागतो. बागेतून किंवा शेताच्या बांधावरून उचलून थेट टाकीत तर कधीच नको, तिथे काय फवारलंय कोण जाणे. आणि पट्टेवाली खाणारे मासेही असतात असं ऐकतो, तेव्हा आधीच घेतली असतील तर फेकू नका, एखादं टाकून बघा.

तुमचे मासे कोणते ते तुम्ही लिहिलंच नाही. ऑस्कर, मोठे गोल्डफिश असतील तर वरचं सगळं लागू. एंजल असतील तर ब्लेडने तुकडे करा. गप्पी किंवा टेट्रा असतील तर मात्र एवढा खटाटोप करू नका, त्यांच्या तोंडात मावेल एवढं बारीक चिरता चिरताच तुम्हाला गांडुळांचा कंटाळा येईल.