जेवायचं नसलं तरी जा

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज काल रात्री उशिरा वाचला. इंग्लंडात हेरफर्डला नोकरी, जवळच्या गावात भाड्याचं घर, आणि गावातल्या एकुलत्या एका पबच्या दारातून तू परत फिरलास, कारण आत सगळे जेवत होते, टेबलांवर नॅपकिन आणि वाइनचे ग्लास मांडलेले, आणि तुला फक्त एक बिअर प्यायची होती. वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून सकाळी बाकीचं सगळं बाजूला ठेवून लिहायला बसलोय.

परत जा. याच आठवड्यात जा, पण शनिवारी रात्री किंवा रविवारी दुपारी नको, रविवारी रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, खायला सगळा जिल्हा लोटतो आणि उभं राहायला जागा नसते. मंगळवार किंवा बुधवार, संध्याकाळी सहाच्या आत. जेवणारे सातनंतर येतात, पिणारे कामावरून परस्पर येतात.

माझं पण असंच झालेलं. पहिल्या वर्षी एका गावातल्या पबमधे खिडकीजवळच्या टेबलावर बिअरचा पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास, घेऊन बसलो, पाच मिनिटांत मुलगी मेन्यू घेऊन आली, मी म्हटलं जेवायचं नाहीये, तर म्हणाली मग हे टेबल आम्हाला लागेल, आणि मला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं, जिथे येणारा प्रत्येकजण ओला कोट झटकत होता. अर्धा पाइंट तसाच ठेवून निघालो आणि जवळजवळ वर्षभर कुठल्या गॅस्ट्रोपबची, म्हणजे जेवणावर भर असलेल्या पबची, पायरी चढलो नाही. ते वर्ष वाया गेलं असं आजही वाटतं, कारण त्या वर्षात गावात मला नावाने ओळखणारं एकही माणूस झालं नाही.

आता या जागा अशा का झाल्या ते समजून घे, म्हणजे राग येणार नाही. 1989 साली सरकारने बिअर ऑर्डर्स नावाचे नियम आणले, 2000 पेक्षा जास्त पब हातात असलेल्या मोठ्या ब्रुअरींवर, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांवर, बंधनं आली आणि पब भराभर विकायला निघाले. त्याच काळात, 1991 ला, लंडनमधे फॅरिंग्डन रोडवर डेव्हिड एअर आणि माइक बेल्बेन या दोघांनी ईगल नावाचा पब घेतला, बारच्या मागेच स्वयंपाक सुरू केला, आणि गॅस्ट्रोपब हा शब्द तिथूनच चिकटला. पुढे ते लोण खेड्यांत पोचलं. तुझ्याच काउंटीत टिटली गावातल्या स्टॅग इनला 2001 साली मिशेलिन स्टार मिळाला, ब्रिटनमधे पबला मिळालेला तो पहिला. खेड्यातल्या पबला नुसत्या बिअरवर जगणं अवघड होतच होतं, सुपरमार्केटमधे बिअर स्वस्त, पिऊन गाडी चालवता येत नाही, 2007 च्या जुलैपासून आत सिगारेटही बंद. बंद पडलेल्या पबपेक्षा जेवण देणारा पब कधीही बरा, हे माझं ठाम मत आहे. पण ज्या पबमधे पिणाऱ्याला उभं राहायला जागा नाही त्याला मी पब म्हणत नाही, ते हॉटेल झालं, मग बाहेरच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

तुझ्या गावातला कुठल्या जातीचा आहे ते आत गेल्यावर मिनिटभरात कळतं. काटे-चमचे न मांडलेली दोन-तीन टेबलं आहेत का बघ, बहुतेक बारजवळ किंवा शेकोटीजवळ असतात. बारपाशी स्टुलं आहेत का, कोणी उभं राहून बोलतंय का, एखादं कुत्रं फरशीवर पसरलंय का. यातलं काही दिसलं की ती तुझी जागा. मांडलेल्या टेबलावर बसायचं नाही, रिझर्व्ह्डची पाटी नसली तरी नाही. टेबलावर कोणी ऑर्डर घ्यायला येईल म्हणून वाट बघत बसू नकोस, सरळ बारवर जायचं. लाइन लागलेली नसली तरी बारमागच्या माणसाला बहुतेक वेळा नंबर माहीत असतो, त्यामुळे नोट हलवून बोलवायचं नाही, नुसतं नजरेला नजर द्यायची. तुझ्या आधीचा कोणी राहिला असेल तर ही इज नेक्स्ट म्हण, एवढ्याने तुझी पत वाढते. बिअरवर टिप नसते, कोणी खूप मदत केली तर पैसे देताना अँड वन फॉर युअरसेल्फ म्हणायचं, तो एका ड्रिंकचे पैसे तुझ्या बिलात धरतो आणि त्याला ते आवडतं.

काय घ्यायचं? चकचकीत नळांकडे बघू नकोस, लांब दांड्याचे हँडपंप असतात तिकडे बघ. ती कास्क एल, पिंपातच दुसऱ्यांदा आंबणारी बिअर. एका फर्किनमधे, म्हणजे छोट्या पिंपात, 9 गॅलन म्हणजे 72 पाइंट मावतात आणि एकदा पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबटते. म्हणून गिऱ्हाईक कमी असलेल्या गॅस्ट्रोपबमधे पाच पंप दिसले तर सावध राहा, दोनच असतील आणि दोन्ही खपत असतील तर उत्तम. तुझ्या भागात वाय व्हॅली ब्रुअरीची बटी बाख मिळेल, वेल्श भाषेत त्याचा अर्थ छोटा दोस्त, पहिल्यांदा तीच घे, आणि हाफ, म्हणजे अर्धा पाइंट, घे. हाफ मागण्यात कमीपणा नाही. चवीची खात्री नसेल तर घोटभर चाखायला माग, हसून देतात.

आणि ती गार नाही म्हणून तक्रार करू नकोस. तळघरातलं तापमान 11 ते 13 डिग्री, बिअर तशीच द्यायची असते, फ्रिजसारखी गार केली की चव मरते. हे मला एका पबमालकाने तळघरात नेऊन दाखवलं. अंधार, ओल्या दगडाचा वास, पिंपं आडवी ठेवलेली. एका पिंपाच्या वरच्या भोकात त्याने मऊ लाकडाची छोटी खुंटी ठोकली तर तिच्याभोवती फसफसून पांढरा फेस वर आला, तो हळूहळू ओसरताना आम्ही दोघं काही न बोलता बघत उभे होतो. गॅस निघून गेला की तो मऊ खुंटी काढून कडक खुंटी बसवणार होता, मग बिअर स्थिर होऊ द्यायची, आणि मगच वर पंपातून पहिला पाइंट. वर येऊन मी पाइंट हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे कोणीतरी रोज सांभाळलेलं असतं. त्यामुळे व्हिनेगरसारखा वास आला तर गप्प पिऊ नकोस, ग्लास परत बारवर ने, शांतपणे सांग, चांगला पबवाला बदलून देतो आणि पिंप तपासतो.

तू शाकाहारी आहेस म्हणून हे मुद्दाम. कास्क एल नितळ करायला बऱ्याच ठिकाणी आयझिंग्लास वापरतात, ते माशाच्या पोटातल्या फुग्यापासून करतात. चालत नसेल तर व्हीगन बिअर आहे का विचार, आता बऱ्याच ब्रुअरी करतात. स्कॉच एग नुसतं अंडं वाटतं पण भोवती सॉसेजचं मांस असतं. क्रिस्प्सचं, म्हणजे बटाट्याच्या वेफर्सचं, पाकीट घे, फाडून टेबलाच्या मधे उघडं ठेव, म्हणजे शेजारच्याने पण घ्यावं असा त्याचा अर्थ होतो.

हेरफर्डशर सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा मुलूख, सफरचंदाच्या बागा तू बघितल्या असशीलच. सायडर गोड लागते आणि सरबतासारखी जाते, पण शेतावरची बरीचशी 6 टक्क्यांच्या पुढे असते. पहिल्या महिन्यात हाफच्या वर जाऊ नकोस. डॉक्टर आठवड्याला जास्तीत जास्त 14 युनिट अल्कोहोल सांगतात, म्हणजे 4 टक्क्यांच्या बिअरचे साधारण 6 पाइंट, सगळ्या आठवड्याचे मिळून, एका बैठकीतले नव्हेत.

आता राउंड, म्हणजे आळीपाळीने एकेकाने सगळ्यांसाठी ड्रिंक आणायची पद्धत. कोणी व्हॉट आर यू हॅविंग विचारलं आणि तू घेतलंस की तुझी पाळी येणारच, ती चुकवू नकोस, चार माणसं तोंडावर काही बोलणार नाहीत पण वर्षानुवर्षं लक्षात ठेवतील. लवकर निघायचं असेल तर आधीच सांग, आज माझं मीच घेतो, कोणालाही वाईट वाटत नाही. बोलायला विषय नसेल तर पावसाबद्दल बोल, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांबद्दल विचार, तिथे हॉपच्या शेताला हॉप यार्ड म्हणतात, केंटमधे हॉप गार्डन, आणि हा फरक म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलास तर अर्धा तास सहज जाईल. मला ज्यांनी नंतर बारपाशी जागा करून दिली ते असेच एक शेतकरी होते, स्टूल पायाने सरकवलं आणि इथे उभा राहा म्हणाले, बस. पुढची सहा वर्षं मंगळवारी मी तिथेच उभा असायचो. कधीतरी भूक लागली की जेवलोही, आणि जेवण खरंच अप्रतिम होतं.

गाडी घेऊन जाऊ नकोस. इंग्लंडमधे मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे 30, पण या आकड्यात आपण बसतो का याचा हिशेब बारवर उभं राहून करायचाच नाही. चालत जाता येत असेल तर टॉर्च ने, तिकडच्या गल्ल्यांना दोन्ही बाजूंनी झुडपांच्या भिंती, फुटपाथ नाही, आणि गाड्या जोरात येतात. लांबच्या पबला जायचं असेल तर टॅक्सी दुपारीच सांगून ठेव, रात्री दहानंतर फोन करून गाडी मिळेल या भरवशावर राहू नकोस.

तुझा,
काका