शहाद्याहून तोरणमाळ दोन दिवसांत नीट बघून होतं का? कधी जावं?

होतं, आरामात. तोरणमाळ म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण, शहाद्यापासून साधारण ५५ किलोमीटर. फक्त शेवटचा घाट उजेडात चढा. वळणं तीव्र आहेत आणि मध्येच गुरं बसलेली असतात. पेट्रोल खालीच भरून घ्या, रोकडही जवळ ठेवा. वर मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही.

माझं ऐकाल तर पाऊस ओसरताना, सप्टेंबरात जा. सीताखाई या तिथल्या दरीची खरी मजा तेव्हाच. दरीत धुकं भरलेलं असतं, धबधब्याचा नुसता आवाज येतो, मग वारा सुटला की पाणी एकदम समोर दिसतं. कठड्यापलीकडे जाऊ नका, खडक शेवाळलेला असतो. उन्हाळ्यात हीच जागा कोरडी दिसते. यशवंत तलावाला मात्र सकाळी सातच्या आत जा, म्हणजे गर्दी नसते.

गोरखनाथाचं मंदिर आणि मच्छिंद्रनाथाची गुहा अर्ध्या दिवसात होतात. महाशिवरात्रीला यात्रा भरते, सातपुड्यातले भिल्ल-पावरा लोक लांबून पायी येतात. यात्रा बघायचीच असेल तर राहण्याची सोय आधी करा, नाहीतर गाडीत झोपावं लागेल (आम्ही झोपलो आहोत, थंडीने दात वाजत होते).

माणसांचे फोटो विचारून काढा. एप्रिल-मेमध्ये गेलात तर धडगाव भागात अंगणात वाळत घातलेल्या कैरीच्या फोडी दिसतील. तिथलं आमचूर घ्याच, आमच्या घरी वर्षभराच्या डाळीला तेच लागतं.