गरम पीस आणि ‘आजकालची पोरं’

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज पहाटे वाचला. कंपनीत तुझ्या सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या) बनलेले चाळीस पीस, म्हणजे सुटे भाग, रिजेक्ट झाले, सुपरवायझरने सगळ्या लाइनसमोर ‘तुमच्या पिढीला काम नकोय, मोबाईल हवाय’ असं सुनावलं आणि घरी फोन केलास तर चुलत्यांनीही तेच ऐकवलं. शेवटी तू लिहिलंस, ‘सर, अप्रेंटिसशिप सोडतो, पुण्यात रूम घेऊन पोलीस भरतीची तयारी करतो.’ याचं उत्तर फोनवर दोन शब्दांत देता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझं मत आधी सांगतो. वर्ष पूर्ण कर. सुपरवायझरचा किंवा चुलत्यांचा मान राखायचा म्हणून नाही. त्या मशीनवरून तुला जे घ्यायचंय ते अजून घेऊन झालेलं नाही, म्हणून.

त्या चाळीस पीसकडे आधी नीट बघू. तू रीडिंगच्या पानाचा फोटो पाठवलास हे फार बरं केलंस. ॲल्युमिनियमचं हाउसिंग (बाहेरचं कवच), त्याचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ड्रॉइंगवर २५ एच ७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर चालतो. दर आठव्या पीसला तू बोअर गेज (भोक मोजायचं साधन) लावलास आणि लिहिलंस: २५.०१४, २५.०१२, २५.०११, २५.००९, २५.००८. सगळे मापात. इन्स्पेक्शनने तासाभराने तेच पीस मोजले तर शेवटच्याला त्यांना २४.९९७ मिळालं. तू म्हणतोस, ‘मी खोटं लिहिलं नव्हतं सर.’ मला ते माहीत आहे. तू चकमधून (मशीनच्या पकडीतून) काढलेला पीस लगेच, गरम असतानाच, मोजत होतास. पंचवीस मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा बोअर गेजपेक्षा वीस अंशांनी गरम असेल, तर तो साधारण अकरा-बारा मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा दाखवतो. तुझा सगळा टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरक, एकवीस मायक्रॉनचा. त्यातला निम्मा नुसत्या उष्णतेने खाल्ला.

हे तुला तिथे कुणी सांगितलं का? नाही. आयटीआयमध्ये आपण एक जॉब दिवस दिवस करतो, बहुतेक माइल्ड स्टीलचा. मोजायची वेळ येईपर्यंत तो गार झालेला असतो. कंपनीत सव्वा मिनिटाला एक पीस पडतो, पाळीत तीनशेच्या वर. ‘पोरं तयार नसतात’ ही ओरड होते ती बहुतेक याच दरीबद्दल असते. पीस हवेने किंवा कूलंटने गार करून मग गेज लाव, एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी उभं राहून सांगणारं माणूस लागतं. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ प्रमाणे शिकाऊ उमेदवाराला त्याच्या ट्रेडचं प्रशिक्षण देणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी पात्र माणूस नेमणं हीसुद्धा. तुला ऑपरेटरच्या जागी उभं करून निघून जाणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. त्यामुळे सुपरवायझरचं वाक्य तू मनाला लावून घेऊ नकोस. तो ज्याला पिढीचा दोष म्हणाला, तो शिकवण्याचा राहून गेलेला भाग होता.

आता दुसरी बाजू, आणि ती सांगितल्याशिवाय मी तुला सोडणार नाही. ते पाच आकडे परत वाच. १४, १२, ११, ९, ८. प्रत्येक वेळी कमी. इन्सर्ट (कापणारं पातं) झिजत होता आणि बोअर लहान होत होता. उष्णतेचं तुला माहीत नव्हतं हे कबूल, पण आकडा एकाच दिशेने सरकतोय हे तुझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. त्या वेळी सेटरला (मशीन मापात लावून देणाऱ्याला) हाक मारायची होती: ‘बोअर खाली चाललाय, ऑफसेट देऊ का?’, म्हणजे टूल तेवढं सरकवू का. तू मारली नाहीस, कारण अजून मापात होतं, आणि कारण मागच्या आठवड्यात काही विचारलं तेव्हा तो खेकसला होता. दोन्ही कारणं मला समजतात. तरीही हाक मारायचीच. कामाला तयार असणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगेन. हाताचा वेग वर्षभरात कुणालाही येतो. गोष्ट बिघडायच्या आधी, ओरडा खायची तयारी ठेवून, मोठ्याने सांगायला मात्र मुद्दाम शिकावं लागतं. (बोअर लहान आलाय, त्यामुळे बरेच पीस रिवर्कमध्ये, म्हणजे पुन्हा कापून, निघतील. मोठा आला असता तर सरळ भंगारात गेले असते. उद्या विचार, किती वाचले.)

आता चुलत्यांचं. ‘आजकालच्या पोरांना काम नको’ हे वाक्य ते आज बोलले म्हणून नवं नाही. तुझे आजोबा पाटणहून परळला गेले आणि गिरणीत साच्यावर लागले, हे तूच मला सांगितलं होतंस. गिरणीवाल्यांची तेव्हाच्या कामगारांबद्दल हीच तक्रार असायची. १९२९ साली ब्रिटिश सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं, त्याच्यापुढेही गैरहजेरीचा आणि गावाकडे ओढ असलेल्या कामगारांचा विषय होताच. पेरणीला माणूस गावी जातो, शिमग्याला जातो, टिकत नाही. त्याच माणसांनी मुंबईच्या गिरण्या कित्येक पिढ्या चालवल्या. आणि त्यांतले सगळे कायम नव्हते. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा, कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत खोलीवर. जुन्या लोकांना सगळं सुखाचं मिळालं असंही समजू नकोस. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. तुझे आजोबा त्यांतलेच. चुलते त्या वेळी शाळेत होते. बापाची चांगली नोकरी डोळ्यांसमोर गेलेली त्यांनी पाहिली आहे. म्हणून कुणी हातातलं काम ‘सोडतो’ म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांच्या रागामागे ही भीती आहे. तू त्यांच्याशी बोलताना हे ध्यानात ठेव, उलट उत्तर आपोआप कमी होईल.

माझ्या पिढीचीही गोष्ट सरळ सांगायला हवी. मी ऐंशीच्या दशकात भोसरीत टर्नर म्हणून लागलो. ट्रेनिंग, मग प्रोबेशन, मग परमनंट. सुपरवायझर तेव्हाही ओरडायचे, शिव्याही द्यायचे. आम्ही ऐकून घ्यायचो, कारण पलीकडे काय आहे ते दिसत होतं. युनियन होती, ग्रेड होती, कंपनीची बस, सोसायटीचं कर्ज, माझ्या बरोबरच्या कितीतरी जणांची निगडी प्राधिकरणात घरं झाली. आमच्या सहनशीलतेची किंमत आम्हाला मिळाली. आज तुझ्याकडून तीच सहनशीलता मागतात आणि बदल्यात काय देतात? ठेकेदाराच्या रोलवर सात-आठ महिने, मग ब्रेक, मग दुसरा ठेकेदार. अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी द्यायचं बंधनही कंपनीवर नसतं. सौदा बदलला आणि वागणूक मात्र जुनीच हवी, असं मागणाऱ्यांनी आधी आरशात बघावं. माझ्याच वयाच्या माणसांशी मी यावर भांडलो आहे आणि पुढेही भांडेन.

म्हणून कंपनीशी ‘निष्ठा’ ठेव असं मी तुला सांगणार नाही. कामाशी ठेव. मापाशी ठेव. ते तुझ्याबरोबर चाकणहून रांजणगावला जाईल, तिथून तमिळनाडूत होसूरला जाईल.

भरतीबद्दल. तुला खाकीची मनापासून ओढ असेल तर मी आड येणार नाही. पण तुझ्या मेसेजमध्ये ओढ कुठे दिसली नाही, पळ दिसला. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांहून जास्त. शंभरातला एक. बाकीचे नव्व्याण्णव आळशी नव्हते, पहाटे चारला उठून मैदानावर धावणारी पोरं होती ती. त्यांतली कितीतरी पुढची दोन-तीन वर्षं पुन्हा तीच तयारी करतात आणि तिशीच्या तोंडावर हातात ना अनुभव ना पैसा अशा जागी येऊन थांबतात. मला हे बघवत नाही. आणि यामागे नुसती नोकरीची सुरक्षितता नाही, हे तुलाही ठाऊक आहे. स्थळ बघायला आलेली माणसं पहिला प्रश्न ‘सरकारी आहे का, परमनंट आहे का’ हाच विचारतात. पंचवीस हजार मिळवणारा सेटर बसलेला असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. याला उत्तर माझ्याकडे नाही. पण लग्नाच्या भीतीपोटी उमेदीची वर्षं अभ्यासिकेच्या खुर्चीवर घालवू नकोस. भरतीचा फॉर्म भर, सकाळी धाव, पण हातातलं काम चालू ठेवून.

आता उरलेल्या महिन्यांत काय करायचं ते.

एक जाड वही घे, खिशात मावेल अशी. मशीनवर जे जे घडतं ते लिही: कुठला इन्सर्ट किती पीस चालला, किती झिजेवर किती ऑफसेट दिला, कुठल्या ड्रॉइंगवर काय कळलं नाही. मुलाखतीत ‘सीएनसीवर काम केलंय’ असं प्रत्येक जण म्हणतो. वही उघडून दाखवणारा मला क्वचितच भेटलाय, आणि त्याला परत पाठवणारा इंजिनिअर अजून भेटायचाय.

सेटरशी जमवून घे. तो खेकसतो, कारण त्याच्यावर सहा मशीन आहेत. पाळी संपल्यावर दहा मिनिटं थांब, तो टूल बदलत असेल तिथे उभा राहा, हात पुढे कर. फर्स्ट पीस, म्हणजे नव्या सेटिंगवरचा पहिला पीस, तो कसा काढतो ते बघ. आधी थोडं मटेरियल मागे ठेवून एक पास घेतो, मोजतो, मग ऑफसेट देऊन मापात आणतो. हे एकदा तुझ्या हाताला आलं की तू लोडिंग-अनलोडिंगचा माणूस राहत नाहीस. ज्यांना पगार वाढवून मिळतो ते इथून पुढे गेलेले असतात.

मोबाईलचं मी फार बोलणार नाही. पाळीत तो लॉकरमध्ये ठेव. ‘मोबाईल हवाय’ म्हणणाऱ्या सुपरवायझरला खरं ठरवायची संधी का द्यायची?

न सांगता दांडी मारू नकोस. ताप असेल, गावी कुणाचं दहावं असेल, रात्रीच कळव. तुझ्या जागी उभं राहायला माणूस शोधावा लागतो, आणि तो बहुतेक तुझ्यासारखाच कुणीतरी डबल पाळी करतो.

आणि तुझे हक्क. तुझ्या अप्रेंटिसशिप कराराची प्रत मागून घे, सरकारी पोर्टलवर तो नोंदलेला असला पाहिजे. २०१९ च्या नियमांत आयटीआय पास उमेदवाराला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं, आजचा आकडा पोर्टलवर बघून घे. त्याहून कमी खात्यावर येत असेल तर मला कळव. शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइमला बसवायचं तर अप्रेंटिसशिप सल्लागाराची मान्यता लागते, तुझ्या मर्जीवर किंवा सुपरवायझरच्या मर्जीवर ते नाही. मागच्या महिन्यात तू सलग दोन पाळ्या केल्याचं लिहिलंस, ते थांबव. मशीनवर झोपेने डोळा लागला तर जायचं ते बोट तुझं जातं. एचआरकडे शांतपणे सांगून बघ, ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात (शिकाऊ उमेदवारीचं काम बघणाऱ्या सरकारी केंद्रात) जा. तिथे तक्रार लिहून देता येते. घाबरू नकोस, मी बरोबर येईन. आणि वर्ष संपलं की परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नकोस. अर्धवट सोडलेल्या महिन्यांची कुणी दखल घेत नाही.

पुढे ठेकेदाराच्या रोलवर जाशील तेव्हा वेगळं बघावं लागेल: पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलाय का, तो खरोखर तुझ्या यूएएनवर (पीएफच्या नंबरवर) जमा होतोय का, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड मिळालं का. कापून न भरणारे ठेकेदार असतात. ते सगळं मी तुला समोर बसवून दाखवीन.

सुपरवायझरचं शेवटचं. उद्या पाळी सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडे जा. माफी मागायला नाही. रीडिंगचं पान घेऊन जा आणि सांग: ‘मी गरम पीस मोजत होतो, आजपासून गार करून मोजतो. आणि आकडा सरकायला लागला की तुम्हाला हाक मारतो, तेव्हा कुणीतरी यायला हवं.’ दुसरं वाक्य म्हणताना आवाज खाली येऊ देऊ नकोस. तो काय म्हणतो ते मला त्याच दिवशी कळव. या रविवारी मी घरीच आहे. कराराची प्रत, विद्यावेतन जमा झाल्याचा बँकेचा मेसेज आणि ते पान घेऊन जेवायलाच ये. काकूंनी तुझ्यासाठी थालीपीठ करायचं ठरवलंय.

कळावे,
तुझा,
सर