नवरा येणार नाही, मग फॅमिली कौन्सेलिंग कसं होणार?

पेडण्याहून एका ताईंनी विचारलंय. घरात नवरा आणि सासरे एकमेकांशी बोलत नाहीत, मुलगा चिडचिड करतो, फॅमिली कौन्सेलिंग करावं असं वाटतं पण नवरा म्हणतो "आमी पिशे काय?" (आम्ही वेडे का?), आणि गावात कळलं तर लोक कितें म्हणटले ही भीती आहेच. हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, त्यामुळे एक केस सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

डिचोलीकडचं घर. आई सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आली, अकरावीत, अभ्यास नाही, रात्रभर मोबाईल, काही विचारलं की धाडकन दार लावतो. "मॅडम, याला जरा समजवा." मुलगा माझ्याकडे न बघता खुर्चीवर. बहुतेक घरं अशीच येतात हो, एका माणसाला पुढे करून, जणू गॅरेजमध्ये गाडी सोडायला आलेत.

मी मुलाला समजवलं वगैरे काही नाही. घरात दिवस कसा जातो एवढंच विचारत गेले. तेव्हा कळलं की पप्पा आणि आजो एका घरात राहून कित्येक वर्षं थेट बोलत नाहीत. पप्पांनी कर्ज काढून खाणीवर ट्रक लावला होता, 2012 ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा, हप्ते चालू, आजोनी एफडी मोडून पैसे दिले. मग परत थोडं सुरू झालं आणि 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा ठप्प. ट्रक मिळेल त्या भावात विकला. एफडीचा विषय मात्र कोणी काढला नाही आणि कोणी विसरलंही नाही. वीजबिल असो की चवथीला गणपतीवर टांगतात त्या माटोळीचं सामान, निरोप मुलाच्या हातून, "पप्पाक सांग", "आजोक विचार". पोरगा घरातला पोस्टमन झालेला.

मी त्याला विचारलं, ते दोघं बोलत नाहीत तेव्हा सगळ्यात जास्त त्रास कोणाला होतो? तो पहिल्यांदा मान वर करून म्हणाला, "आईला. ती तेव्हा भांडी जोरात घासते." आई रडायलाच लागली.

दोघांमधला ताण तिसऱ्याच्या अंगावर जातो, मरे बोवेन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने याला त्रिकोण म्हटलंय. फॅमिली कौन्सेलिंगमध्ये आम्ही बघतो ते हे, कोण चुकला ते नाही. मी न्यायाधीश नाही, निकाल हवा असेल तर माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

आता ताई, तुमचा प्रश्न. पप्पा पहिल्या दोन वेळा आलेच नाहीत. आम्ही आई आणि मुलगा दोघांवरच काम केलं, फक्त एक गोष्ट ठरवली, मुलगा निरोप पोचवणार नाही, "तुम्हीच सांगा" म्हणणार आणि आईने मध्ये पडायचं नाही. आईला हे फार जड गेलं, एकदा सेशनच्या आदल्या रात्री फोन, "त्यांना सांगू नका हां पण..." मी तिथेच थांबवलं, एकाचं गुपित दुसऱ्यापासून लपवून मला सगळ्यांबरोबर बसता येत नाही. आठवड्याभरात गॅस सिलिंडर संपला, निरोप न्यायला कोणी नाही, आणि आजोना स्वतः पप्पांच्या खोलीच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं. तिसऱ्या वेळी पप्पा आले. "बघायला आलो", म्हणाले. बसले मात्र दीड तास.

आजो आले नाहीत ते नाहीतच. एफडीचा हिशोब अजून मिटलेला नाही, मुलगा अजून रात्री मोबाईल बघतो. पण पप्पा आणि आजो सिलिंडर, बिल, डॉक्टर एवढं थेट बोलतात. पाच वेळा आले आणि मग थांबले, मीही ओढून धरलं नाही.

म्हणून मी सांगते, तीन सेशनचं ठरवून या, मग चालू ठेवायचं की नाही बघू. फी, वेळ, आणि नोंदी कोण बघतं हे पहिल्याच फोनवर विचारा, त्यात लाजायचं काय! 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही उपचारातली माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय, त्याला काही अपवाद आहेत, जसं जिवाला धोका असेल तेव्हा.

एक मात्र स्पष्ट विचारते, घरात मारहाण आहे का? कोणाची भीती वाटते का? असेल तर सगळ्यांना एकत्र बसवायचं नाही, तिथे बोललेलं घरी गेल्यावर महागात पडतं. तेव्हा एकट्या या किंवा 181 या महिला हेल्पलाईनला फोन करा. आणि कोणी जीव द्यायचं बोलत असेल तर सेशनची वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 रात्रीही चालू असतो.

राहिली गावाची गोष्ट. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला येताच ना तुम्ही? त्याच दिवशी अकराची वेळ देते. पिशवीत दोन जुड्या भाजी घेऊन घरी जा, कोण विचारतंय.