पानांमागच्या तपकिरी रेघा

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरी दिवाणखान्यात बर्ड्स नेस्ट फर्नची कुंडी आहे. त्याच्या मोठ्या पानांच्या मागे तपकिरी रेघा उमटल्या आहेत, पानांच्या कडा वाळत आहेत आणि मधोमध फुटणारी कोवळी पाने काळी पडून सडत आहेत. कीड समजून औषध फवारण्याचा विचार आहे. कोणते औषध घ्यावे?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : औषध घेऊ नये. आपण ज्यांना कीड समजत आहात, ते या नेच्याचे, म्हणजे फर्नचे, बीजाणू आहेत. नेच्यांना फुले येत नाहीत आणि बियाही धरत नाहीत. त्याऐवजी पान पक्व झाले की त्याच्या पाठीवर, नवी रोपे ज्यांपासून उगवतात ते बारीक बीजाणू तयार होतात आणि या जातीत ते मधल्या शिरेपासून कडेकडे जाणाऱ्या तिरप्या, समांतर रेघांत असतात. खवले कीड असती, तर ठिपके कसेही विखुरलेले दिसले असते आणि नखाने खरवडताच सुटले असते.

काळजी करायची ती सडणाऱ्या कोंबांची. उष्ण कटिबंधातील दमट जंगलांत हा नेचा मोठ्या वृक्षांच्या खोडाफांद्यांवर वाढतो. वृक्षाचा रस न शोषता, पानांच्या घेरात साचलेल्या पालापाचोळ्यावर तो जगतो. तिथे त्या घेरात पाऊस पडतोच, मग घरी काय बिघडते, असे आपल्याला वाटेल. परंतु तिथे वारा खेळता असतो आणि बंद दिवाणखान्यात मात्र मध्यभागी साचलेले पाणी सुकता सुकत नाही. म्हणून पाणी नेहमी कुंडीच्या कडेने, वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच घालावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हवाच इतकी दमट असते की पाण्याची गरज बरीच कमी होते.

रोपवाटिकेतील रोपे पुष्कळदा लाल मातीत असतात. ही माती घट्ट बसून मुळांचा श्वास कोंडते, तेव्हा कोकोपीट, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कुजलेला पाला यांच्या भुसभुशीत मिश्रणात रोप हलवावे.

कडा वाळण्याचे कारण बहुधा एसीचा झोत असावा. कुंडी तिथून हलवावी. पानांवर पाणी फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याचा परिणाम फार वेळ टिकत नाही, त्यापेक्षा इतर कुंड्यांच्या सोबतीने ठेवणे बरे. पूर्वेच्या खिडकीतील कोवळा उजेड चालेल, मात्र पश्चिमेच्या गॅलरीतील ऑक्टोबरचे ऊन पाने भाजून टाकील. खत पातळ करून, अधूनमधून पुरे.

सडलेली पाने काढल्यावर गाभा बोटाने दाबून पाहावा. तो टणक असल्यास नवी पाने येतील, फक्त ती उलगडेपर्यंत त्यांना हात लावू नये. गाभाच मऊ झाला असल्यास, या नेच्याला वाढीचा तो एकच बिंदू असल्याने, नवे रोप आणावे लागेल.