मेडिकल बोर्डाने ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारला, तर?

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून २०२० मध्ये मुदत पूर्ण करून हवालदार पदावरून निवृत्त झालो. कुपवाड्यातील चकमकीत जवळचा सहकारी डोळ्यांदेखत गेला, तेव्हापासून झोप उडाली आणि लष्करी रुग्णालयात मानसोपचार सुरू झाले. पुढे शांतता क्षेत्रात, म्हणजे चकमकींपासून दूरच्या तैनातीत असताना हृदयविकाराचा झटका आला. निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने दोन्ही मिळून ४० टक्के कायमचे अपंगत्व धरले. पण ते सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि सेवेमुळे बळावलेलेही नाही, असे लिहिले. त्यामुळे अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले गेले आणि त्याविरुद्धचे पहिले अपील नुकतेच फेटाळले गेले. आता काय करावे? — एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आजार आहे हे बोर्डाने मान्यच केले आहे; वाद आहे तो फक्त कारणाचा. म्हणून बोर्डाच्या कार्यवाहीची, म्हणजे एएफएमएसएफ-१६ या फॉर्मची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून आधी मिळवा आणि कारणांचा रकाना नीट वाचा. तिथे पुष्कळदा ‘शांतता क्षेत्रात सुरुवात’ एवढी एकच ओळ असते. ज्या माणसाने उमेदीची वर्षे सीमेवर घालवली, त्याचा हक्क एका ओळीत निकाली काढणे मला अन्यायाचे वाटते, आणि न्यायालयांनीही ते वारंवार अमान्य केले आहे.

धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे गृहीत धरावे, आजाराचा सेवेशी संबंध नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर राहते आणि बोर्डाने आपली कारणे लिहिलीच पाहिजेत. तथापि, केवळ सेवेत असताना आजार दिसला एवढ्याने हक्क सिद्ध होत नाही, असे अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या हक्काविषयीचे २००८ चे नियम म्हणतात. मानसिक आजाराच्या बाबतीत तर नरसिंग यादव खटल्यात (२०१९) निकाल जवानाच्या विरोधात गेला होता. त्यामुळे निव्वळ निकालांच्या दाखल्यांवर विसंबू नका. आपली खरी भिस्त कागदपत्रांवर आहे.

मानसिक आजारासाठी कुपवाड्यातील तैनातीच्या तारखा, त्या घटनेची युनिटमधील नोंद आणि मानसोपचाराची पहिली चिठ्ठी यांचा क्रम लावा. हृदयविकारासाठी लष्करी वैद्यकीय मार्गदर्शिकेनुसार झटक्यापूर्वीच्या १४ दिवसांतील कामाचा तपशील पाहिला जातो. शांतता क्षेत्रातही त्या दिवसांत रात्रपाळी, सराव किंवा अंतर्गत सुरक्षेची ड्यूटी असेल, तर तसे स्पष्ट लिहा, आणि तो तपशील बोर्डापुढे ठेवलाच गेला नसेल तर तोच अपिलाचा मुख्य मुद्दा करा.

दुसरे अपील पहिल्या अपिलाचा नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावे. सहा महिने उत्तर आले नाही किंवा तेही फेटाळले गेले, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज करता येतो. अंतिम आदेशानंतर त्यासाठीही सहा महिन्यांचीच मुदत आहे. उशीर माफ होऊ शकतो. पण अशा प्रकरणांत थकबाकी बहुधा अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, म्हणून रेंगाळू नका.

सेवेशी संबंध मान्य झाल्यास निवृत्तिवेतनासाठी ४० टक्के अपंगत्व ५० टक्के धरावे, अशीही मागणी करा. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ द्यावा, असा निर्णय राम अवतार खटल्यात १० डिसेंबर २०१४ रोजी झाला आहे. याच हक्काविषयीचे सप्टेंबर २०२३ चे नवे नियम आपल्याला लागू करू पाहिले, तर निवृत्तीची तारीख दाखवून तिथेच हरकत नोंदवा. अर्जाचा मसुदा करण्यासाठी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या.